किनारा निवडताना

दिवाळीची सुटी जवळ आली की गोव्यातील घराघरांत एक प्रश्न हमखास निघतो. पाहुणे आलेले असतात, मुलांना शाळा नसते, एक दिवस दर्यावर घालवावा असे सर्वांच्याच मनात असते. पण जायचे कोठे? उत्तर बहुधा विचार न करताच दिले जाते. पाहुण्यांनी कळंगुटचे नाव ऐकलेले असते म्हणून कळंगुट, नाहीतर शेजारी गेल्या रविवारी बागाला जाऊन आले म्हणून बागा. मग अर्धा दिवस वाहनांच्या रांगेत जातो, वाळूवर सतरंजी पसरायला जागा मिळत नाही आणि मंडळी दमूनभागून घरी परततात. ‘किनारे आता आमचे राहिले नाहीत, ते पर्यटकांचे झाले,’ हा उद्गार अशाच दिवसांतून जन्माला येतो.

हा उद्गार आम्हांला मान्य नाही. गोव्याला सुमारे 105 किलोमीटरचा किनारा लाभलेला आहे. त्यातल्या चार-पाच किलोमीटरांवर आपण सर्वांनी गर्दी करायची आणि सबंध दर्याच परका झाला म्हणून हळहळायचे, यात न्याय नाही. दोष दर्याचा नाही, आपल्या निवडीचा आहे. किनारा नावावरून निवडायचा नसतो. सोबत कोण आहे, तिथी कोणती आहे आणि ऋतू कोणता आहे, हे पाहून तो निवडायचा असतो.

सोबतीला वडीलधारी माणसे असतील आणि नुसते वाऱ्यावर बसायचे असेल, तर पणजीकरांना मिरामार पुरे आहे. कै. भाऊसाहेब बांदोडकरांची समाधी जेथे आहे तो हा किनारा घराजवळचा, सपाट आणि फिरण्यास सोयीचा. मात्र मांडवीचे मुख तेथेच असल्याने पाण्यात शिरण्यासाठी तो नव्हे. लहान मुलांना पाण्यात खेळू द्यायचे असेल, तर मडगावहून सुमारे 40 किलोमीटरवरचे पाळोळे गाठावे. दोन्ही बाजूंच्या टेकड्यांनी कवेत घेतलेल्या त्या अर्धचंद्राकार खाडीत लाटा बहुधा सौम्य असतात आणि पाणी हळूहळू खोल होत जाते. ज्यांना पायी चालण्याची हौस आहे त्यांच्यासाठी वेळसांवपासून मोबोरपर्यंतची सुमारे 25 किलोमीटरची सलग पुळण आहे. कोलवा येथे गर्दी दिसली तर थोडे उत्तरेला वा दक्षिणेला सरकावे, एकांत आपोआप मिळतो. सावलीत शिदोरी सोडायची असेल तर पेडण्यातील केरीच्या सुरूंच्या बनासारखी जागा नाही. पण तेरेखोल नदी तेथे समुद्राला मिळते, म्हणून मुखाजवळच्या पाण्याचा मोह टाळावा.

दुसरी गोष्ट तिथीची. हणजूण, वागातोर या खडकाळ किनाऱ्यांवर भरतीच्या वेळी वाळूची नुसती पट्टी उरते; ओहोटीला तोच किनारा प्रशस्त होतो. भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. कोकणपट्टीतील जुन्या माणसांचा यावर एक सोपा हिशेब आहे. पक्षातील तिथीचा अंक पाऊणपट केला की पूर्ण भरतीची अदमासे वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. तासभर मागेपुढे धरावा आणि नेमकेपणा हवा असेल तर भरती-ओहोटीचे छापील तक्ते पाहावेत. घरात पंचांग असून दर्यावर अवेळी पोहोचणे हे आपल्यासारख्या किनाऱ्यावरच्या लोकांना शोभत नाही. ऊन-सावलीचा विचारही असाच. आपले किनारे पश्चिमाभिमुख असल्याने सकाळी माडांची सावली वाळूवर पडते, दुपारनंतर ऊन सरळ तोंडावर येते. यास्तव कुटुंबासह जाणाऱ्यांनी सकाळ निवडावी, किंवा उन्हे कलल्यावर जावे.

तिसरी गोष्ट ऋतूची, आणि ती जिवाशी निगडित आहे. नारळी पौर्णिमेला श्रीफळ अर्पण केले म्हणून दर्या त्याच दिवशी निवळतो असे नाही. पावसाळ्यात लाटांनी ओढून नेलेली वाळू हिवाळ्यात हळूहळू परत येते. तोवर अनेक ठिकाणी काठालगतच पाणी एकदम खोल होते. किनाऱ्यावर फुटलेल्या लाटांचे पाणी अरुंद वाटेने वेगाने आत परतते. ती वाट दिसायला आजूबाजूपेक्षा शांत असते, म्हणूनच अनोळखी माणूस नेमका तेथे उतरतो. अशा ओढीत सापडल्यास थेट किनाऱ्याकडे झगडू नये. किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हावे आणि मग परत यावे. पोहता येत नसेल तर शक्ती न दवडता तरंगत राहून हात उंचावावा. 2008 सालापासून प्रमुख किनाऱ्यांवर जीवरक्षक नेमलेले आहेत. लाल-पिवळ्या निशाणांच्या मधल्या भागातच उतरावे आणि लाल निशाण असेल तर मुळीच उतरू नये. सूर्यास्तानंतर व मद्यपान करून पाण्यात जाणे म्हणजे संकटाला आमंत्रण होय.

येथे एक सावधगिरीची सूचना करणे आम्हांला अगत्याचे वाटते. गर्दी टाळा याचा अर्थ निवांत किनाऱ्यांवर नवी गर्दी लोटा असा नव्हे. मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग येथे हिवाळ्यात सागरी कासवे अंडी घालण्यासाठी येतात. रात्रीचे दिवे, गोंगाट आणि वाळूवर हाकलेली वाहने त्यांना परतवून लावतात. तेथे जाणाऱ्याने पाहुण्यासारखे जावे, दिवस मावळताच निघावे. आपल्या शिदोरीचा कचरा आपल्याबरोबर परत आणावा आणि काचेची बाटली तर नेऊच नये. वाळूत फुटलेली काच अनवाणी चालणाऱ्या पोराच्या पायात जाते आणि तो पोर बहुधा गावातल्या मच्छीमाराचा असतो.

शासनाचेही कर्तव्य आहेच. भरतीरेषेखालची वाळू सर्वांची आहे. परंतु तिच्याकडे जाणाऱ्या पारंपरिक पायवाटा कुंपणांनी आक्रसत गेल्या तर त्या हक्काला अर्थ उरत नाही. या वाटा मोकळ्या ठेवणे आणि लहान किनाऱ्यांवरही शौचालय, पिण्याचे पाणी व जीवरक्षक यांची सोय करणे ही कामे खर्चिक नसून अगत्याची आहेत. तथापि हक्क वापरात राहिला तरच टिकतो. गोमंतकीय कुटुंबे आपल्या दर्याकडे पाठ फिरवतील, तर या वाटांसाठी भांडणार कोण? म्हणून या सुटीत जरूर जावे. पंचांग पाहावे, सोबतीची माणसे ओळखावीत, किनारा जाणून निवडावा आणि आपण उठल्यानंतर ती जागा दुसऱ्या कुटुंबाला आनंदाने बसता येईल अशी ठेवून यावे.