हाताला बसलेले हत्यार

सुताराला त्याचा रंधा, शिंप्याला त्याची कात्री आणि आपल्या मालवणी घरातील आईला तिचा आडाळो. दुसऱ्याचे हत्यार कितीही धारदार असले, तरी हाताला ते परकेच वाटते. माणसाचा हा स्वभावधर्मच आहे. संगणकावर काम करणाऱ्या मोठमोठ्या जाणकारांचीही हीच गत आहे, हे कळले म्हणजे मात्र मौज वाटते.

संगणकाची आज्ञावली लिहिणारा प्रोग्रॅमर ज्या साधनात मजकूर लिहितो, त्याला ‘टेक्स्ट एडिटर’ म्हणतात. 1976 च्या सुमारास अमेरिकेत असे दोन एडिटर जन्मास आले. बिल जॉय याने ‘व्हीआय’ लिहिला, तर रिचर्ड स्टॉलमन व त्याच्या सहकाऱ्यांनी ‘ईमॅक्स’. व्हीआयमध्ये दोन अवस्था असतात. एकीत कळ दाबली की अक्षर उमटते. दुसरीत तीच कळ हुकूम बनते. संपूर्ण ओळ पुसायची, तर ‘डी’ ही कळ दोनदा दाबावी. ईमॅक्समध्ये मात्र कळ अक्षरच उमटवते आणि हुकमासाठी ‘कंट्रोल’सारखी दुसरी कळ सोबतीला घ्यावी लागते. 1991 मध्ये ब्राम मूलेनार यांनी व्हीआयच्या धर्तीवर ‘व्हिम’ आणला. या दोन पंथांचे अनुयायी आजही एकमेकांची थट्टा करतात.

एवढा जिव्हाळा कशासाठी? कारण सरळ आहे. सराव झाला की कळा बोटांनाच पाठ होतात आणि मन विचार करायला मोकळे राहते. साधन बदलले की पुन्हा मनाला कळ शोधावी लागते, आणि विचाराची तार तुटते. म्हणून ही आसक्ती केवळ हट्ट नव्हे.

हा वाद फार दूरचा वाटेल. पण तो आपल्या बाजारपेठेतील डी.टी.पी. केंद्रातही आहे. 1955 मध्ये गोदरेजने भारतीय बनावटीचा टंकलेखक बाजारात आणला. टंकलेखन यंत्रावर ‘रेमिंग्टन’ कळफलकाने शिकलेली व्यक्ती ‘कि’ लिहिताना आधी वेलांटी उमटवते आणि मग ‘क’. कारण कागदावर वेलांटी आधी दिसते. 1986 नंतर प्रमाण ठरलेल्या ‘इनस्क्रिप्ट’ कळफलकावर आधी ‘क’ व मग वेलांटी, म्हणजे उच्चाराचा क्रम. यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने बहुतांशी उजव्या हाताला येतात. आमची पिढी तर इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिते. तिघांपैकी प्रत्येकाला आपलीच रीत सोपी वाटते!

मात्र या दोन वादांत एक महत्त्वाचा फरक आहे. व्हीआयमध्ये लिहिलेली फाईल ईमॅक्समध्ये बिनतक्रार उघडते. भांडण हत्याराचे, मजकूर सर्वांचा. मराठीत तसे झाले नाही. जुन्या फाँटांत मराठी अक्षरांचे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असत. तो फाँट दुसऱ्या संगणकात नसला, की मजकुराचा नुसता काला! आमच्या वाडीतील एका आजोबांनी मालवणी म्हणी आणि गाऱ्हाणी अशाच फाँटात टंकून घेतली होती. ते गेल्यावर फाईल उघडली, तर पडद्यावर निरर्थक चिन्हांच्या ओळी. अशा मजकुराचे रूपांतर करता येते. पण फाँट कोणता होता, हे सांगणारे माणूस हवे ना?

युनिकोडने हा प्रश्न सोडवला. त्यात प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक आहे. आणखी आनंदाची गोष्ट अशी, की युनिकोडमध्ये लिहिण्यासाठी जुनी सवय मोडावी लागत नाही. रेमिंग्टनच्या कळा दाबूनही युनिकोड मजकूर उमटवता येतो. वीस वर्षे टंकलेखन करून संसार चालवणाऱ्या ताईला ‘तुझी बोटे आता निरुपयोगी’ असे सांगण्याचे कारणच उरत नाही.

मी घरातील पहिलीच महाविद्यालयात आलेली मुलगी. आमच्या घरात आजवर लिहून ठेवलेले असे फारसे नाहीच. जे आहे ते म्हाताऱ्यांच्या तोंडी. ते आपणच उतरवायचे आहे. तेव्हा मित्रमैत्रिणींनो, कळफलक ज्याला जो रुचेल तो वापरावा. फक्त मजकूर असा ठेवावा, की आपल्यामागून येणाऱ्यालाही तो वाचता येईल.

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला