ऑक्टेन अंक आणि कौटुंबिक मोटारीसाठी पेट्रोलची निवड

अधिक ऑक्टेन अंकाचे पेट्रोल साध्या पेट्रोलहून महाग असते. जे महाग ते अधिक शक्तिमान, अशी समजूत त्यातूनच रूढ झाली आहे. परंतु ऑक्टेन अंक हे मुळात शक्तीचे माप नव्हे.

एंजिनाच्या सिलिंडरात हवा व पेट्रोल यांचे मिश्रण दट्ट्याने दाबले जाते व नंतर ठिणगीने पेटविले जाते. ठिणगीपासून ज्योत क्रमाक्रमाने पसरली, तर दट्ट्यावर दाब सुरळीत पडतो. मात्र ज्योत पोहोचण्यापूर्वीच उरलेले मिश्रण उष्णतेने व दाबाने आपोआप पेटले, तर धातूवर घाव बसावा तसा आवाज होतो. यालाच ठोका म्हणतात. तो दीर्घकाळ चालू राहिल्यास दट्ट्यास इजा पोहोचते.

या ठोक्यास विरोध करण्याचा इंधनाचा गुण ऑक्टेन अंकाने दर्शविला जातो. त्यासाठी आयसोऑक्टेनास १०० व नॉर्मल हेप्टेनास ० अंक दिलेला आहे. ९१ अंकाचे पेट्रोल म्हणजे प्रमाणित चाचणी-एंजिनात ९१ भाग आयसोऑक्टेन व ९ भाग हेप्टेन यांच्या मिश्रणाइतका विरोध करणारे पेट्रोल होय. इंधनातील उष्णतेशी या अंकाचा थेट संबंध नाही. एथॅनॉलचा अंक १०० हून अधिक आहे. तरीही एक लिटर एथॅनॉलपासून मिळणारी उष्णता पेट्रोलहून सुमारे एक-तृतीयांशाने कमी असते.

मग या अंकाचे महत्त्व कशात? मिश्रण जितके अधिक दाबावे तितकी एंजिनाची कार्यक्षमता वाढते. पण ठोक्याचा संभवही वाढतो. यास्तव अधिक दाबाच्या एंजिनास अधिक अंकाचे पेट्रोल लागते. हा अंक वाढविण्यासाठी, टॉमस मिजली यांना १९२१ मध्ये सापडलेले शिशाचे संयुग जगभर पेट्रोलमध्ये मिसळले गेले. त्याची किंमत शहरांच्या हवेतील विषाने चुकवावी लागली. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले.

निवडीचा निकष एकच : मोटार बनविणाऱ्याच्या पुस्तिकेत दिलेला किमान अंक. त्याहून कमी अंकाचे पेट्रोल वापरल्यास ठोका संभवतो. आधुनिक मोटारीत संवेदक तो ओळखून ठिणगी उशिरा पाडतो. एंजिन वाचते, पण शक्ती घटते व पेट्रोल अधिक जळते. उलट, ९१ अंकासाठी रचलेल्या सामान्य एंजिनात ९५ अंकाचे पेट्रोल घातल्याने होणारा लाभ नगण्य असतो. पुस्तिकेत अधिक अंक 'आवश्यक' म्हटला असेल, तर तेथे काटकसर करू नये. केवळ 'इष्ट' म्हटला असेल, तर निवड मालकाची.

अंक कोणत्या पद्धतीचा आहे, हेही पाहावे. भारतात संशोधन-पद्धतीचा अंक देतात. एप्रिल २०२० मध्ये लागू झालेल्या भारत स्टेज-६ मानकात साध्या पेट्रोलसाठी तो किमान ९१ ठरविण्यात आला. अमेरिकेत संशोधन व मोटार या दोन पद्धतींच्या अंकांची सरासरी लिहितात. त्यामुळे तेथील ८७ व येथील ९१ ही स्थूलमानाने एकाच प्रतीची पेट्रोले ठरतात.