तुरीवर तूर

गेल्या डिसेंबरच्या आरंभी भालकी तालुक्यातील एका खेड्यात गेलो असता बांधावर एक वृद्ध शेतकरी विषण्ण बसलेले दिसले. समोर तुरीच्या शेतात शेंगा धरू लागल्या होत्या. पण जागोजागी झाडे उभ्याउभ्याच वाळली होती. म्हातारबांनी त्यांतील एक उपटले, विळ्याने उभे चिरले आणि आतील काळ्या रेषा मला दाखविल्या.

“फादर, तीन वर्सं झाली सांगतोय पोराला, तुरीवर तूर घेऊ नको, मधी जोंधळा पेर. पर ऐकतंय कोण?”

मुलाचीही बाजू ऐकावयास हवी. तुरीला भाव आहे, जोंधळ्याला तेवढा नाही, हा त्याचा हिशेब खोटा नव्हे. त्याने वडिलांना एकच प्रश्न विचारला होता : का? वडिलांपाशी उत्तर होते, “आमचे आजे असेच करीत.” घरोघरी वडीलधाऱ्यांच्या शब्दाची किंमत जाते ती बहुधा याच ठिकाणी. कारण सांगता आले नाही, म्हणजे ते नव्हतेच, असे तरुण समजतो. आणि कारण विचारले, म्हणजे अवमान झाला, असे वडील समजतात.

वाचकहो, येथे कारण होते. तुरीचा मर रोग मातीतील बुरशीमुळे होतो, आणि पीक निघाल्यावरही ती बुरशी जमिनीत कित्येक वर्षे तग धरते. हैदराबादजवळ पाटणचेरू येथे १९७२ साली स्थापन झालेल्या ‘इक्रिसॅट’ या संशोधन संस्थेने प्रयोग केले, तेव्हा ज्वारीबरोबर अथवा ज्वारीच्या फेरपालटीने घेतलेल्या तुरीत मर कमी पडते, असे आढळून आले. मात्र मर रोगास दाद न देणारे ‘मारुती’ हे वाण, जे १९८६ साली कर्नाटकात आले, ते काही आज्यांनी दिलेले नव्हे. तेव्हा जुने तेवढे सोने, असा अर्थ कृपया कोणी काढू नये.

त्याच संध्याकाळी म्हातारबांनी पंधरा वर्षांच्या नातीचे लग्न उरकून टाकण्याची गोष्ट काढली. मी त्यांच्याशी सरळ भांडलो. “का?” हा प्रश्न तेथेही विचारला, आणि तेथे उत्तर खरोखरच नव्हते.

यंदाच्या मृगात त्या रानात जोंधळ्याच्या ओळींमधून तुरीचे नवे बियाणे पेरले गेले. नात दहावीत आहे. परवा मुलगा भेटला तेव्हा हसून म्हणाला, “फादर, आता आबांना काही विचारलं की ते आधी कारण आठवीत बसतात, आणि तोवर वाफसा निघून जातो.”