तीस पेसोंचा नव्हे, तीस वर्षांचा हिशेब

गैरसमज: मेट्रोचं तिकीट महागलं म्हणून चिली पेटला.

तिकीट वाढलं ३० पेसोंनी, म्हणजे तेव्हाचे जेमतेम तीन रुपये. ऑक्टोबर २०१९ मधली ही वाढ अध्यक्ष पिन्येरा यांनी दोनच आठवड्यांत मागे घेतली. तरीही २५ तारखेला राजधानी सान्तियागोत दहा लाखांहून अधिक लोक रस्त्यावर उतरले. ‘तीस पेसो नव्हे, तीस वर्षं’ ही त्यांची घोषणा. पिनोशेची लष्करी राजवट १९९० मध्ये संपली, तिथपासूनचा हा हिशेब.

गैरसमज: विषमता वाढत गेली, त्याचा हा उद्रेक.

ऐकायला पटतं, पण आकडे साथ देत नाहीत. लोकशाहीत गरिबी झपाट्याने घटली. उत्पन्नातली दरीही थोडी अरुंदच झाली. अर्थात, श्रीमंत देशांच्या मानाने ती फार मोठी राहिली. मग राग कशाचा? पिनोशेच्या काळात घातलेली घडी नव्या सरकारांनी फारशी मोडली नाही, याचा. १९८१ पासून नोकरदारांच्या पगारातले दहा टक्के खाजगी पेन्शन कंपन्यांकडे जात. मालकाने त्या खात्यात काही भरायची सक्ती नव्हती. निवृत्तीनंतर अनेकांच्या हाती किमान वेतनाहूनही कमी पेन्शन पडली. लष्कराला मात्र ही योजना लागूच नव्हती. ज्यांच्या राजवटीत ती आली, तेच तिच्यातून सुटले! शिक्षणासाठी कर्ज काढा, बऱ्या इस्पितळासाठी खाजगी विमा घ्या, असा बाकीचा कारभार. पगारातल्या तफावतीपेक्षा उपचारांतला भेदभाव आणि हीन वागणूक लोकांना जास्त बोचते, हे संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या (यूएनडीपी) अहवालाने २०१७ मध्येच नोंदवलं होतं. पुढे आंदोलकांनी सान्तियागोतल्या मुख्य चौकाचं नावच ‘प्रतिष्ठा चौक’ ठेवलं.

गैरसमज: दोनदा नवी राज्यघटना नाकारली, म्हणजे लोकांना जुनीच हवी होती.

आंदोलनानंतर २०२० मध्ये झालेल्या सार्वमतात ७८ टक्के मतदारांनी पिनोशेच्या काळातल्या घटनेऐवजी नवी घटना मागितली होती. २०२२ मध्ये डाव्यांचा वरचष्मा असलेला मसुदा ६२ टक्क्यांनी फेटाळला, २०२३ मध्ये उजव्यांचाही पडला. कौल त्या-त्या मसुद्याविरुद्ध होता, एवढंच यातून म्हणता येतं. दोन्ही वेळा हरलेल्यांनी निकाल मुकाट्याने मानला. माझ्या मते लोकशाही टिकल्याची खूण ती हीच, पण टिकणं म्हणजे प्रश्न सुटणं नव्हे. मालकांनाही पेन्शनमध्ये टप्प्याटप्प्याने भर घालायला लावणारी सुधारणा संसदेत मंजूर झाली, ती २०२५ मध्ये. खाजगी कंपन्या तेव्हाही जागच्या जागी राहिल्या.