उंबरठ्याच्या आत

विद्यापीठाचे दार स्त्रीला उघडले की समतेचे कार्य संपले, अशी समजूत पुष्कळ सुशिक्षितांचीही असते. भारतातील स्त्रियांच्या उच्च शिक्षणाचा इतिहास मात्र निराळेच सांगतो. दार उघडणे ही एक गोष्ट आणि आत गेल्यावर बरोबरीने बसावयास मिळणे ही दुसरी. पहिलीला एक ठराव पुरतो. दुसरीला पिढ्या लागतात.

ठरावाच्या बाबतीत हा देश मागे नव्हता. १८७८ साली कलकत्ता विद्यापीठाने स्त्रियांना परीक्षांस बसण्याची मुभा दिली आणि १८८३ मध्ये कादंबिनी बसू व चंद्रमुखी बसू ह्या तेथून पदवीधर झाल्या. केंब्रिजने स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीची पूर्ण पदवी दिली ती १९४८ साली, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या निर्णयाचे महत्त्व कळते.

परंतु त्यानंतर अर्धशतक लोटल्यावर काय घडले? १९३३ साली कमला भागवत, म्हणजे पुढच्या डॉ. कमला सोहोनी, मुंबई विद्यापीठाची विज्ञानशाखेची पदवी घेऊन बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत संशोधनासाठी गेल्या. गुणवत्तेत उणे काहीच नव्हते. तरी केवळ स्त्री म्हणून संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन ह्यांनी त्यांना नकार दिला. त्या हटल्या नाहीत. अखेर प्रवेश मिळाला तो अटींवर: पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून गणले जाणार नाही, आणि त्यांच्या वावराने पुरुष विद्यार्थ्यांचे चित्त विचलित होता कामा नये. वर्षअखेर त्यांचे काम पाहून रामन ह्यांचे समाधान झाले व पुढे इतर मुलींनाही संस्थेत वाट मिळाली. १९३९ साली केंब्रिजची डॉक्टरेट मिळवून कमलाबाईंनी आपली योग्यता निर्विवाद सिद्ध केली.

ह्या प्रसंगातील मर्म बारकाईने पाहण्यासारखे आहे. पुरुषाची परीक्षा एकच, बुद्धीची. स्त्रीला मात्र दोन द्याव्या लागल्या: एक बुद्धीची आणि दुसरी, आपल्या असण्याने कोणाला अडचण होत नाही हे पटवून देण्याची. शिवाय पहिली जी येते, तिच्या यशापयशावर मागून येणाऱ्या सगळ्यांचे भवितव्य ठरते. एखादा मुलगा नापास झाला तर तो एकटा नापास होतो; मुलगी नापास झाली तर 'मुलींना हे जमत नाही' असा निकाल लागतो.

मद्रासजवळच्या गिंडी अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९४३ साली ए. ललिता विद्युत अभियंता झाल्या. अठराव्या वर्षी वैधव्य आलेल्या, कडेवर तान्ही मुलगी असलेल्या ह्या स्त्रीच्या प्रमाणपत्रावर 'तो' हे छापील सर्वनाम खोडून 'ती' असे लिहावे लागले. छापखान्याला जी गोष्ट सुचली नव्हती, ती एका बाईने घडवून आणली होती.

१९५०-५१ साली उच्च शिक्षणातील शंभर विद्यार्थ्यांत स्त्रिया सुमारे अकरा होत्या. २०२१-२२ च्या सरकारी पाहणीत एकूण ४ कोटी ३३ लाख विद्यार्थ्यांपैकी २ कोटी ७ लाख स्त्रिया होत्या. संख्येची दरी जवळजवळ बुजली. तथापि सर्व शाखांत ती सारखी बुजलेली नाही. भारतीय तंत्रज्ञान संस्थांना २०१८ पासून मुलींसाठी वाढीव जागा निर्माण कराव्या लागल्या, त्या ह्याचमुळे.

आणि संख्येत न दिसणारे अंतर आणखी एक आहे, ते म्हणजे वेळेचे. वसतिगृहाचे फाटक मुलींसाठी दिवेलागणीला आणि मुलांसाठी मध्यरात्री मिटले, तर ग्रंथालय व प्रयोगशाळा दोघांना सारखी कशी लाभावी? सुरक्षिततेच्या नावाखाली मुलींवर असे भेदभावाचे नियम लादू नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ च्या विनियमांत स्पष्ट केले. कारण उघड आहे. रस्ता असुरक्षित असेल तर दिवे रस्त्यावर लावावयाचे असतात. विद्यार्थिनीच्या टेबलावरचा दिवा मालवून रस्ता सुरक्षित होत नाही.