दगडामागचा दिवा

यवतमाळ जिल्ह्याचा बराचसा भाग काळ्या बेसॉल्टवर उभा आहे; वणीकडे गेलं की चुनखडी लागते. दोन्ही दगड बांधकामाच्या कामाचे, पण फरशी करून मागे दिवा लावला तर उजेड काही पुढे येत नाही. बाथरूमच्या उजळणाऱ्या भिंतीसाठी लागतो तो ऑनिक्स, म्हणजे पाण्यातून थरावर थर साचलेला कॅल्साइट. चुनखडीही मुख्यतः कॅल्साइटचीच. पण तिचे कण बारीक, त्यात मातीची भेसळ, म्हणून प्रकाश वाटेतच अडतो. ऑनिक्सचे स्फटिक मोठे नि घट्ट. त्यातून प्रकाश मधाचा रंग घेऊन बाहेर पडतो.

दुकानात फरशीमागे मोबाइलचा टॉर्च धरून पाहाच. पाठीला चिकटवलेली जाळी किंवा करडं सिमेंट सावलीसारखं दिसतं. एलईडीची पट्टी दगडाला टेकवली तर ठिपके मोजता येतात. मधे थोडी पोकळी आणि दुधी ॲक्रिलिक हवं. पट्टी १२ किंवा २४ व्होल्टची, पाणी न शिरणारी. तिला वीज पुरवणारा ड्रायव्हर मात्र बाथरूमबाहेर. पट्टी कधीतरी जाणारच, तेव्हा फरशी फोडावी लागू नये, अशी जागा आधीच ठेवा.

खरी अडचण बोअरच्या जड पाण्याची. पांढरे डाग पडले की आपण ॲसिडची बाटली काढतो, आणि ॲसिड कॅल्साइटला खातं. चकाकी एका धुण्यात जाते. मी तरी ही भिंत शॉवरखाली नव्हे, आरशाशेजारी घेईन.