व्हर्च्युअल मशीनच्या घड्याळात किती वाजले?

दिल्लीत पुसा परिसरातल्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत सीझियमच्या घड्याळांवर भारतीय प्रमाणवेळ राखली जाते. यमुनेपलीकडे नोएडातल्या डेटा सेंटरांत एकेका सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने उभे केलेले संगणक, चालतात. त्यांतल्या एकाहीपाशी स्वतःचं खरंखुरं घड्याळ नसतं. मग त्यांना वेळ कशी कळते? याबद्दलचे चार गैरसमज.

गैरसमज : प्रोसेसरला वेळ कळते.
वस्तुस्थिती : तो फक्त मोजतो. १९९३च्या पेंटियमपासून इंटेलच्या प्रोसेसरांत ‘टाइम स्टॅम्प काउंटर’ आहे. ३ गिगाहर्ट्झचा काउंटर सेकंदाला तीन अब्जांनी वाढतो. पण गाडीच्या मीटरवरून ती किती धावली ते कळतं, कोणत्या गावात उभी आहे ते नाही. इथेही तसंच.

गैरसमज : हा काउंटर भरवशाचा नाही.
वस्तुस्थिती : ही बदनामी जुनी आहे. काही जुन्या प्रोसेसरांत वीज वाचवण्यासाठी वेग उतरला की मोजणीही मंदावे, गाढ झोपेत तर थांबे. इंटेलने २००८च्या नेहेलेम पिढीपासून मोजणीचा दर कायम ठेवला. तरीही लिनक्स त्याच्यावर नजर ठेवतं आणि शंका आली की दुसऱ्या, संथ घड्याळाकडे वळतं.

गैरसमज : व्हर्च्युअल मशीनचं घड्याळ मागे पडणारच.
वस्तुस्थिती : पूर्वी ऑपरेटिंग सिस्टिम टाइमरचे ठोके मोजत. प्रोसेसर शेजारच्या मशीनला दिला गेला की ठोके हुकत आणि घड्याळ मागे पडे. आता ही मशीन चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे केव्हीएमसारखा हायपरव्हायजर, मेमरीत एक नोंद ठेवतो : काउंटर इतका असताना वेळ इतकी होती, दर इतका. बाकीचा हिशेब मशीन स्वतः करतं. चालू मशीन २.५ गिगाहर्ट्झच्या सर्व्हरवरून ३ गिगाहर्ट्झच्या सर्व्हरवर हलवताना हा दर सांभाळावाच लागतो. जुनाच दर धरला, तर घड्याळ तासाला १२ मिनिटं पुढे पळेल.

गैरसमज : एकदा घड्याळ लावलं की झालं.
वस्तुस्थिती : सर्व्हरमधल्या क्वार्ट्झ स्फटिकात दहा लाखांत ५० भागांची चूक असली, तरी दिवसाला ४.३ सेकंदांचा फरक पडतो. म्हणून नेटवर्कवरून वेळ जुळवणाऱ्या एनटीपीने ती पुन्हापुन्हा मिळवून घ्यावी लागते. सायबर हल्ल्याच्या तपासात आधी काय घडलं आणि नंतर काय, हे लॉगमधल्या, म्हणजे संगणकांच्या नोंदींमधल्या, वेळेवरूनच ठरतं. त्यामुळे सायबर सुरक्षा पाहणाऱ्या सर्ट-इन या सरकारी संस्थेने २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांत राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या (एनआयसी) किंवा पुसाच्या प्रयोगशाळेच्या वेळेशी घड्याळं जुळवायला सांगितलं आहे.

मात्र घड्याळ जुळवताना वेळ मागेही सरकू शकते. १ जानेवारी २०१७ला पहाटे साडेपाचच्या आधी जास्तीचा एक सेकंद, म्हणजे लीप सेकंद, आला, तेव्हा अनेक संगणकांनी एकच सेकंद दोनदा मोजला. म्हणून एखाद्या कामाला किती वेळ लागला ते पाहायचं असेल, तर कधीच मागे न जाणारं ‘मोनोटॉनिक’ घड्याळ वापरावं. किती वाजले हे विचारायचं असेल, तर पुसाशी जुळवलेलं.